फोनमध्ये कुंकू लालभडक, प्रिंटमध्ये विटकरी: फोटोचा रंग नेमका कुठे बदलतो?

तुळजापूरला देवीच्या मंदिराजवळच्या बाजारात कुंकवाचे ढीग, हळदीच्या राशी आणि कवड्यांच्या माळा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. लग्नानंतर कुलदैवताच्या दर्शनाला आलेली जोडपी तिथे फोटो काढतातच. फोनवर फोटो झकास दिसतो, स्टेटसला जातो, लाइक्स मिळतात. मग कुणीतरी म्हणतं, याची मोठी प्रिंट काढून हॉलमध्ये लावू. प्रिंट हातात येते आणि कुंकू विटकरी, हळद फिकी, चेहरे निस्तेज. स्टुडिओवाले म्हणतात, फाइलच तशी होती. फोटो काढणारा म्हणतो, मशीनच खराब.

बऱ्याचदा फाइलही ठीक असते आणि मशीनही. फोटोबरोबर असलेली एक छोटी माहिती वाटेत कुठेतरी गळून पडलेली असते, किंवा ती वाचलीच गेलेली नसते. त्या माहितीचं नाव कलर प्रोफाइल. ते काय असतं, कुठे हरवतं आणि प्रिंट काढण्याआधी तुम्ही काय करू शकता, ते या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

- फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. त्या आकड्यांचा अर्थ कलर प्रोफाइल सांगतं.
- आयफोन आणि काही अँड्रॉइड फोन 'डिस्प्ले पी३' प्रोफाइलमध्ये फोटो साठवतात. बहुतेक फोटो लॅब 'एसआरजीबी' धरून चालतात.
- प्रिंट बिघडली तर आधी पांढरा आणि राखाडी रंग तपासा, लाल-पिवळा नंतर. दोष कुठे आहे ते तिथे कळतं.
- मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच मशीनवर, त्याच कागदावर एक लहान प्रिंट काढून बघा.

आकडा आहे, पण एकक नाही

फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे असतात: लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक आकडा साधारणपणे ० ते २५५ मधला. २५५, ०, ० म्हणजे 'पूर्ण लाल'. पण कोणता पूर्ण लाल? तुमच्या फोनच्या स्क्रीनचा सगळ्यात लाल रंग आणि स्टुडिओतल्या जुन्या मॉनिटरचा सगळ्यात लाल रंग एकच नसतो.

हे सातबाऱ्यासारखं आहे. क्षेत्राच्या रकान्यात नुसतं '२' लिहिलं आणि पुढे एकर की हेक्टर ते लिहिलंच नाही, तर जमीन किती ते सांगता येणार नाही. २ हेक्टर म्हणजे सुमारे ४.९४ एकर. एकक चुकीचं धरलं तर आकडा तोच राहतो आणि जमीन निम्म्याहून कमी होते. कलर प्रोफाइल हे फोटोतल्या आकड्यांचं एकक आहे.

हे एकक ठरवलं कुणी?

माणसाच्या डोळ्याला दिसणारे रंग आकड्यांत मांडायची पद्धत सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ मध्ये ठरवली. ती कोणत्याही यंत्रावर अवलंबून नाही, म्हणून आजही सगळं त्याच पायावर उभं आहे.

पुढे कॉम्प्युटरवर फोटो आणि छपाईचं काम सुरू झालं, तेव्हा प्रत्येक कंपनीचं यंत्र आपापले रंग दाखवू लागलं. यावर तोडगा म्हणून १९९३ मध्ये ८ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम, म्हणजे आयसीसी ही संस्था स्थापन केली. या संस्थेने प्रोफाइलचा एक सामाईक नमुना ठरवला. म्हणूनच या फाइलला 'आयसीसी प्रोफाइल' म्हणतात. 'या यंत्राचे हे आकडे म्हणजे डोळ्याला दिसणारा नेमका हा रंग' असा तक्ताच त्यात असतो. फोनचा तक्ता आणि प्रिंटरचा तक्ता दोन्ही हाताशी असले की सॉफ्टवेअर एकाचे आकडे दुसऱ्याच्या भाषेत बदलून देतं.

नेहमी कानावर पडणारी तीन नावं अशी:

- एसआरजीबी: एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलं. इंटरनेट, साधे मॉनिटर आणि बहुतेक फोटो लॅब यावरच चालतात.
- अडोबी आरजीबी: १९९८ चं. हिरव्या आणि निळसर-हिरव्या रंगांना यात जास्त जागा आहे. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या मेनूत हा पर्याय सापडतो.
- डिस्प्ले पी३: ॲपलने आणलेलं. २०१६ च्या आयफोन ७ पासून आयफोनचे फोटो यातच साठवले जातात. लाल आणि हिरवे रंग एसआरजीबीपेक्षा जास्त गडद, ठसठशीत नोंदवता येतात.

कुंकवाचं गणित

आता तुळजापूरच्या फोटोकडे या. समजा कुंकवाच्या ढिगातल्या एका ठिपक्याचा रंग एसआरजीबीतल्या पूर्ण लाल रंगाइतका आहे. एसआरजीबीत त्याचे आकडे २५५, ०, ०. तोच रंग डिस्प्ले पी३ मध्ये लिहायचा तर आकडे होतात साधारण २३४, ५१, ३५. रंग एकच, एककं दोन, म्हणून आकडे वेगळे.

फोन ही फाइल उघडतो तेव्हा प्रोफाइल वाचतो आणि लाल रंग बरोबर दाखवतो. पण प्रिंटच्या वाटेवरच्या एखाद्या सॉफ्टवेअरने प्रोफाइल वाचलंच नाही, तर ते २३४, ५१, ३५ हे आकडे सरळ एसआरजीबीचे समजतं. मग छापला जातो तो थोडा मळका, विटकरीकडे झुकलेला लाल. हळदीचंही तसंच. एसआरजीबीतला पूर्ण पिवळा २५५, २५५, ०, तर डिस्प्ले पी३ मध्ये तो सुमारे २५५, २५५, ८५. प्रोफाइल गेलं की हळद फिकी. चेहऱ्यातला लालसरपणाही थोडा उतरतो, म्हणून माणसं थकल्यासारखी दिसतात.

उलटही घडतं. एसआरजीबीची फाइल अडोबी आरजीबी समजून छापली तर रंग भडक होतात आणि चेहरे तांबडे पडतात.

आधी कवडी बघा, मग कुंकू

डिस्प्ले पी३ आणि एसआरजीबी या दोन्हींचा पांढरा रंग एकच आहे. त्यामुळे पांढरा, राखाडी आणि काळा यांचे आकडे दोन्हीकडे अगदी सारखे असतात. प्रोफाइल हरवलं तरी हे रंग हलत नाहीत. प्रिंटमधला दोष शोधण्यासाठी याचा मोठा उपयोग होतो.

फोटोत कवड्यांची माळ, पांढरं धोतर किंवा नळदुर्गच्या किल्ल्यासारखा काळसर दगड असेल, तर आधी तिकडे बघा. कवडीला किंचित पिवळसर झाक असते, पण ती निळी किंवा हिरवी कधी नसते.

- कवडी बरोबर, कुंकू विटलेलं आणि हळद फिकी: प्रोफाइल वाटेत हरवलं किंवा वाचलं गेलं नाही. बहुतेक वेळा हे फुकटात दुरुस्त होतं.
- कवडी निळसर, हिरवट किंवा गुलाबी, आणि फोनच्या स्क्रीनवरही तशीच: कॅमेऱ्याने उजेडाचा अंदाज चुकवला. हळदीच्या कार्यक्रमात हे हमखास होतं. सगळीकडे पिवळे कपडे आणि पिवळी फुलं असतात, त्यामुळे ऑटो व्हाइट बॅलन्स फोटो निळसर करून टाकतो.
- कवडी फक्त प्रिंटमध्येच रंगलेली: प्रिंटरची शाई, कागद किंवा प्रिंटरचं प्रोफाइल तपासायला हवं. कधी दोष घरातल्या पिवळ्या बल्बचाही असतो, म्हणून प्रिंट दिवसाच्या उजेडात नेऊन बघा.
- रंग ठीक, पण सगळाच फोटो काळवंडलेला: तुमच्या फोनचा ब्राइटनेस जास्त होता. याबद्दल पुढे बोलू.

प्रोफाइल हरवतं कुठे?

*सॉफ्टवेअरमध्ये.* फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये आरजीबीची पॉलिसी 'ऑफ' केलेली असेल, तर वेगळं प्रोफाइल असलेली फाइल उघडताना ते बाजूला टाकलं जातं. करिझ्मा अल्बमच्या पानांवर एका लग्नाचे फोटो दोन-तीन वेगवेगळ्या फोन-कॅमेऱ्यांतून आलेले असतात. पॉलिसी बंद असेल तर एकाच पानावर नवरीचा शालू एका फोटोत लाल आणि शेजारच्या फोटोत तपकिरी दिसू शकतो.

*सेव्ह करताना.* जेपीईजी सेव्ह करण्याच्या खिडकीत 'आयसीसी प्रोफाइल' किंवा 'एम्बेड कलर प्रोफाइल' अशी चौकट असते. तिथली टिक काढली की फाइल एककाशिवाय बाहेर पडते.

*प्रिंटच्या मशीनवर.* बऱ्याच जागी मशीनचं सॉफ्टवेअर येणारी प्रत्येक फाइल एसआरजीबीच समजतं. म्हणून फाइल आधीच एसआरजीबीत बदलून देणं सगळ्यात सुरक्षित.

व्हॉट्सॲपबद्दलही एक गोष्ट. तिथे फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते. 'एचडी' निवडलं तरी ती मूळ फाइल नसते. मूळ फाइल जशीच्या तशी जायला हवी असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. स्क्रीनशॉट काढून तर अजिबात देऊ नका. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. १२ बाय १८ इंचाला ३००, म्हणजे पूर्ण ३०० पिक्सेल दर इंचाला धरले तर ३६०० बाय ५४००.

कन्व्हर्ट करायचं, असाइन नाही

फोटोशॉपच्या एडिट मेनूत दोन पर्याय एकाखाली एक दिसतात: 'असाइन प्रोफाइल' आणि 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'. नावं सारखी वाटतात, काम उलटं आहे.

सातबाऱ्याचंच उदाहरण पुन्हा घेऊ. कन्व्हर्ट म्हणजे २ हेक्टर खोडून ४.९४ एकर लिहिणं. आकडा बदलला, जमीन तेवढीच. असाइन म्हणजे आकडा २ तसाच ठेवून 'हेक्टर'च्या जागी 'एकर' लिहिणं. आकडा तोच, जमीन बदलली.

लॅबला देण्यासाठी डिस्प्ले पी३ किंवा अडोबी आरजीबीची फाइल एसआरजीबीत न्यायची असेल, तर नेहमी 'कन्व्हर्ट' वापरा. असाइनचा उपयोग एकाच ठिकाणी: फाइलला प्रोफाइलच नाही आणि ती मुळात कोणत्या प्रोफाइलची आहे हे तुम्हाला खात्रीने माहीत आहे.

फोटोशॉप नसेल तर गिंप हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. त्यात वेगळ्या प्रोफाइलचा फोटो उघडताना प्रोफाइल ठेवायचं की कन्व्हर्ट करायचं, हे विचारलं जातं.

फाइल कोणत्या प्रोफाइलची आहे हे विंडोजवर बघायचं तर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डिटेल्समध्ये जा. 'कलर रिप्रेझेंटेशन'समोर एसआरजीबी दिसलं तर काम सोपं. 'अनकॅलिब्रेटेड' दिसलं तर घाबरू नका, फाइल खराब नाही. ती एसआरजीबीपेक्षा वेगळ्या प्रोफाइलची आहे, इतकाच त्याचा अर्थ. आयफोनच्या जेपीईजी फोटोंना बहुधा हेच दिसतं.

प्रिंटरचं प्रोफाइल वेगळं असतं

फोटोचं प्रोफाइल ही निम्मी गोष्ट झाली. प्रिंटरलाही स्वतःचं प्रोफाइल लागतं, आणि ते एका प्रिंटरचं नसून प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांच्या जोडीचं असतं. ग्लॉसी कागदाचं प्रोफाइल मॅट कागदाला चालत नाही. मूळ शाई संपल्यावर टँकमध्ये दुसरी स्वस्त शाई भरली की जुनं प्रोफाइल निरुपयोगी होतं.

प्रोफाइल बनवताना त्या कागदावर शेकडो रंगांचे चौकोन छापतात. प्रिंटरला रंग समायोजन न करता छापायला सांगितलेलं असतं. शाई वाळली की स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाच्या यंत्राने प्रत्येक चौकोन मोजतात. 'हा आकडा दिला तर कागदावर प्रत्यक्षात हा रंग येतो' असा तक्ता त्यातून तयार होतो. नावाजलेल्या कागद कंपन्या आपल्या कागदांची प्रोफाइलं लोकप्रिय प्रिंटरसाठी वेबसाइटवर मोफत देतात.

मोठ्या लॅबमधली मशीनं वेगळ्या पद्धतीची असतात. ती लेझर किंवा एलईडीच्या उजेडाने प्रकाशसंवेदी कागदावर फोटो उमटवतात आणि मग कागद रसायनातून धुऊन काढतात. तिथे रसायनं आणि कागदाचा नवा रोल यांमुळे रंग सरकतो, म्हणून ऑपरेटर मशीन ठरावीक वेळाने कॅलिब्रेट करतात. अशा लॅबला फाइल आरजीबीतच द्यायची. फ्लेक्सच्या सवयीने सीएमवायके करून देऊ नका.

घरी किंवा लहान स्टुडिओत इंकजेटवर छापताना एक चूक वारंवार होते: रंग दोनदा बदलले जातात. फोटोशॉपमध्ये 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडलं असेल, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं रंग समायोजन बंद करायलाच हवं. दोन्ही चालू राहिले की प्रिंटवर चमत्कारिक रंगछटा चढते आणि माणूस फोटोलाच दोष देतो.

कागदात न मावणारा लाल

सगळं बरोबर केलं तरी स्क्रीनवरचे काही रंग कागदावर येतच नाहीत. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त खोलीतला उजेड परत पाठवतो. कुंकवाचा लाल, झेंडूचा केशरी आणि पावसाळ्यात नळदुर्गच्या धबधब्याजवळ उगवणारं लख्ख हिरवं गवत हे सगळे या सीमेवरचे रंग.

असे रंग आत कसे बसवायचे याचे पर्याय सॉफ्टवेअर देतं. त्यातले दोन कामाचे:

- रिलेटिव्ह कलरिमेट्रिक: मावणारे रंग जसेच्या तसे, न मावणारे जवळच्या सीमेवर. चेहऱ्यांच्या फोटोला बहुधा हे बरं.
- पर्सेप्च्युअल: सगळेच रंग थोडे आत ओढतो, पण त्यांच्यातली चढउतार टिकवतो. कुंकवाच्या ढिगाचा फोटो असेल तर पहिल्या पर्यायात सगळा ढीग एकसारखा लाल ठोकळा होऊ शकतो. इथे कण आणि सावल्या दिसत राहतात.

छापण्याआधी अंदाज घ्यायचा असेल तर फोटोशॉपच्या व्ह्यू मेनूतल्या 'प्रूफ सेटअप'मध्ये प्रिंटरचं प्रोफाइल निवडा. प्रिंट साधारण कशी दिसेल ते स्क्रीनवरच कळतं. याला सॉफ्ट प्रूफिंग म्हणतात.

चेहऱ्याचा रंग: इथे प्रोफाइलचा दोष नसतो

प्रिंटमध्ये माणूस मूळपेक्षा गोरा दिसला, तर ते काम बहुधा करेक्शनचं असतं. फोनचा ब्यूटी मोड, डिझायनरची सवय किंवा मशीनचं ऑटो करेक्शन, तिघांपैकी कुणीतरी चेहरा उजळलेला असतो.

याला जुना इतिहास आहे. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असलेलं कार्ड देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. मशीन त्या त्वचेला जुळवलेलं, म्हणून सावळ्या माणसांचे चेहरे फोटोत मातकट किंवा काळे पडत. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड कोडॅकने १९९० च्या दशकात आणलं.

आता साधनं बदलली, सवय पूर्ण गेलेली नाही. शेतात आयुष्य गेलेल्या आजोबांची तसबीर भिंतीवर चाळीस-पन्नास वर्षं राहते. नातवंडांना आजोबा त्या तसबिरीतूनच ओळखीचे होतात. त्यांचा रांगडा, उन्हाने रापलेला वर्ण तसाच छापून घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी काउंटरवर एकच वाक्य पुरतं: "चेहऱ्यावर करेक्शन करू नका, फाइल आहे तशीच छापा."

तुलना करताना स्क्रीन आणि उजेड

प्रिंट काळी आली ही सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार. बाहेर उन्हात फोनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला असतो आणि त्याच स्क्रीनवर एडिट केलेलं असतं. स्क्रीनच इतकी उजळ की फोटो गडद आहे हे लक्षातच येत नाही. म्हणून एडिट करताना ब्राइटनेस निम्म्याच्या आसपास ठेवा. नाइट शिफ्ट, ट्रू टोन, आय कम्फर्ट यांसारखे मोड बंद करा. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड'ऐवजी 'नॅचरल' किंवा 'ओरिजिनल' निवडा.

प्रिंट बघायची ती खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात, थेट उन्हात नाही. काही रंग ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसतात आणि बाहेर वेगळे. साडीच्या दुकानातून लोक साडी दारात नेऊन बघतात, त्याचं कारण हेच. ज्या भिंतीवर फोटो लागणार आहे तिथला दिवा फार पिवळा असेल, तर चांगली प्रिंटही पिवळी दिसेल.

स्टुडिओत जाताना

१. फोनमधली मूळ फाइल द्या, डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर.
२. विचारा: "तुमचं मशीन एसआरजीबी घेतं का?" हो म्हणाले तर फाइल एसआरजीबीत कन्व्हर्ट करून द्या, किंवा त्यांना कन्व्हर्ट करायला सांगा. असाइन नको.
३. ऑटो करेक्शन आणि चेहऱ्याचं करेक्शन हवं की नको ते आधीच सांगा.
४. ज्या कागदावर मोठी प्रिंट हवी, त्याच कागदावर ४ बाय ६ ची एक प्रिंट काढा. थोडे पैसे जातील, पण मोठी प्रिंट फुकट जाणार नाही.
५. ती प्रिंट दारात दिवसाच्या उजेडात बघा. आधी पांढरा, मग चेहरा, शेवटी लाल-पिवळे रंग.
६. पसंत पडली तर तीच फाइल, तोच कागद, तेच मशीन. यातलं एक जरी बदललं तरी पुन्हा लहान प्रिंट काढा.

एक नेहमीचा प्रश्न: डीएसएलआरमध्ये अडोबी आरजीबी निवडावं का?

फोटो तुम्ही स्वतः एडिट करून, कन्व्हर्ट करून देणार असाल तर जरूर. कार्ड काढून थेट लॅबला किंवा व्हॉट्सॲपला देणार असाल तर एसआरजीबीच ठेवा. रॉ फाइलमध्ये शूट करत असाल तर या सेटिंगने मूळ फाइलला फरक पडत नाही, प्रोफाइल नंतर निवडता येतं.